टॉवेलाखालचा भाव

भावाची गोष्ट निघाली की बाई आधी उजवा हात एप्रनला पुसायच्या. तळवा, मग पालथा, मग पुन्हा तळवा. हात ओला असो नाहीतर नसो. पीठ मळत असोत की नुसत्या खिडकीशी बसलेल्या असोत, समोरच्यानं "मग, कितीला?" असं विचारलं की बाई म्हणायच्या, "थांबा, हात कोरडा करू दे." तो पुसून होईपर्यंत त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. तेवढ्या वेळात समोरचा माणूस चुळबुळतो आणि आपला आकडा मनातल्या मनात थोडा वाढवतो, असं मला आधी वाटायचं. ही त्यांची युक्ती आहे, असं मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं. माणसांबद्दल घाईघाईनं वहीत लिहून ठेवायची मला तेव्हा खोड होती.

ही बाई माझी घरमालकीण. हॅनोव्हरपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर, बीटाच्या सपाट शेतांमधलं गाव, त्यात त्यांचं लाल विटांचं घर आणि घराला लागूनच गोठा. मी हॅनोव्हरला कृषी अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला आले होते आणि शहरातली भाडी मला परवडणारी नव्हती. गोठ्याच्या वरची खोली बाईंनी मला स्वस्तात दिली. आन्मेल्डुंगला, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायला, त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. तिथल्या कारकुनानं व्यवसाय विचारला. मी 'विद्यार्थिनी' म्हणायच्या आत बाई म्हणाल्या, "डॉक्टर." मी डॉक्टर व्हायला अजून चार वर्षं होती. बाहेर आल्यावर तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "आम्ही वासरालासुद्धा पहिल्या दिवसापासून बैलच म्हणतो." त्या दिवसापासून मी फ्राउ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई, झाले ती झालेच.

बाईंचा धंदा असा: सहा आठवड्यांचे गोऱ्हे विकत घ्यायचे, त्यांना दुधावरून चाऱ्यावर आणायचं आणि चार-पाच महिन्यांनी, अंगानं भरले की, मांसासाठी बैल पोसणाऱ्या शेतकऱ्याला विकायचे. अशा वासराला तिकडे फ्रेसर म्हणतात. सरळ अर्थ खादाड. एका खेपेला अठ्ठेचाळीस खादाड. भाव पडला तर गहू कोठारात ठेवता येतो, पण वासरू तुमच्यासाठी थांबत नाही. ते रोज वाढतं. एका वजनाच्या पुढं गेलं की पोसणाऱ्याला नको असतं. आणि ही खेप गोठ्यातून गेल्याशिवाय पुढची आणायला जागा नसते. विकायच्या त्या दोन आठवड्यांत जो भाव असेल तो तुमच्या नशिबी.

माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता. भाव पडायच्या धोक्यातून हा लहान विक्रेता स्वतःला कसा वाचवतो? म्हणजे टेबलाशी बसून मी ज्या गोष्टीवर चार वर्षं डोकं चालवणार होते, ती गोष्ट माझ्या पायाखालच्या फळ्यांखाली रात्रंदिवस रवंथ करत होती.

बाईंची पद्धत मी पहिल्याच महिन्यात विचारून घेतली. त्या खेपेचे तीन वाटे करायच्या. एक वाटा शेजाऱ्याला, दीड-दोन महिने आधी भाव ठरवून. एक वाटा महिन्याच्या लिलावात. आणि एक वाटा तसाच ठेवायचा, वजन हाताबाहेर जाईपर्यंत भाव चढतो का ते बघत.

"असे तीनच वाटे का?" मी पेन सरसावून विचारलं.

"पहिला झोप लागावी म्हणून," बाई म्हणाल्या. "दुसरा हौस म्हणून. लिलावाला मी मोत्यांचे डूल घालून जाते, तिथलं वाटाण्याचं सूप चांगलं असतं. आणि तिसरा, आल्झो, म्हणजे बघा, माणसाला काहीतरी आशा नको का?"

"पण यामागं हिशोब काय?"

"नवऱ्याची पद्धत आहे. तो गेला, पद्धत राहिली."

मी हसले. वहीत लिहिलं: शास्त्रीय आधार नाही.

तुम्ही आपल्याकडचा जनावरांचा बाजार पाहिला असेल तर पुढचं तुम्हाला नवं नाही. माझे बाबा गुरांचे डॉक्टर. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर आठवडी बाजाराला जायची. तिथं बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर एक रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार एवढंच तोंडानं सांगायचं. भोवती ही गर्दी, सगळे त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघतायत, आणि आकडा कुणालाच कळत नाही.

हे मी एका रविवारी दुपारी बाईंना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं हात पुसला, चुलीच्या दांडीवरचा निळ्या चौकड्यांचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला. "दाखवा." मग आम्ही तासभर टॉवेलाखाली वासरं विकत घेत आणि देत होतो. बाई बोटं इतकी जोरात दाबायच्या की मी कळवळून आकडा कबूल करायची. शेवटी दोघी हसून हसून दमलो.

टॉवेलाची घडी घालताना त्यांनी विचारलं, "आणि कुणी फार कमी भावात विकलं तर? तेही कुणाला कळत नाही?"

"नाही. बाबा म्हणतात, रुमालाखालचं विचारायचं नसतं."

"म्हणजे हरलेल्या माणसाला मान वर करून घरी जाता येतं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे लिलावात भाव लाउडस्पीकरवर सांगतात."

दोन हजार सालचा उन्हाळा सरत आला तेव्हा मी माझा शहाणपणा पाजळला. त्याचीच ही सगळी गोष्ट आहे, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही.

बाईंचे गुडघे गेले होते. मुलगा ड्युसेलडॉर्फला ऑफिसात होता. गोठा रिकामा करून लोकांच्या कॅराव्हान, सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, ठेवायला भाड्यानं द्यावा, असं त्याचं म्हणणं. नात मात्र दुसऱ्या एका शेतावर शेतीचं आउसबिल्डुंग करत होती, म्हणजे शिकाऊ म्हणून काम. पुढच्या उन्हाळ्यात ते संपलं की ती आजीचा गोठा चालवायला येणार होती. मुलानं अट घातली होती: तोवर गोठा स्वतःच्या पैशावर चालू राहिला तर ठीक, नाहीतर कॅराव्हान. बाईंना तेवढं एक वर्ष निभावून न्यायचं होतं. मध्ये एखादी खेप पडली तर पुढची वासरं आणायला हातात काही उरणार नव्हतं. त्या रोज सकाळी गोठ्यात जाताना नातीचे बूट दाराशी सरळ करून ठेवायच्या, ती तिथं नसली तरी.

भावाबद्दल बाई जे काही लिहायच्या ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. अशी अकरा वर्षांची कॅलेंडरं केकच्या साच्यांखाली खणात होती. मी ती कॉम्प्युटरवर चढवली. शहरात तेव्हा नुकताच एक वायदेबाजार निघाला होता. तिथं डुकरांचे आणि बटाट्यांचे सौदे व्हायचे, वासरांचे नाही. माझ्या गाइडना, ज्यांना इथं डॉक्टरफाटर म्हणतात, अशी अटकळ होती की डुकरांच्या वायद्यात विक्री करून ठेवली तर वासरांतला तोटा तिकडे भरून निघेल. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. तेव्हा तो नाद सोडून मी दुसरा हिशोब केला: बाईंनी दर वेळी सगळीच्या सगळी वासरं आधी भाव ठरवून विकली असती तर? कमाई थोडी कमी, पण चढउतार जवळजवळ नाहीसा. मी त्याचा रंगीत आलेख छापून आणला आणि टेबलावर पसरला.

बाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. "रेघ छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यात शेजारी कुठं आहे?"

"शेजारी?"

"ज्याला मी हात देणार तो."

"तो ठरलेला भाव देणार. बाजार पडला तरी तेवढाच. तोच तर फायदा."

"म्हणजे पडलेला बाजार त्याच्या अंगणात."

"बाई, बाजार चढला तर नफाही त्याचाच ना? जोखीम तो समजून घेतो."

"या, या," बाई म्हणाल्या. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, पण जर्मन माणूस दोनदा 'या' म्हणाला की त्याला पटलेलं नसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांनी नातीच्या बुटांकडे पाहिलं, मग रेघेकडे. "चला. एक वर्ष रेघेप्रमाणं करून बघू."

शेजारी चाळिशीचा, अंगानं दांडगा आणि स्वभावानं लाजाळू. आकडा बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. दोन वर्षांपूर्वीच त्यानं बैलांचा मोठा नवा गोठा बांधला होता. सौदा अंगणात झाला. त्यानं भाव सांगून बाईंच्या तळव्यावर थाप दिली, बाईंनी आपला सांगून त्याच्या तळव्यावर, पुन्हा त्यानं, आणि शेवटच्या थापेला हात सुटले नाहीत, तसेच धरलेले राहिले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यायचे.

"कागद करायचा ना?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "कशाला?" शेजारी म्हणाला. "हात दिलाय."

नोव्हेंबरच्या अखेरीला रेडिओवर बातमी आली. मॅड काऊ म्हणून जो रोग इंग्लंडबद्दल ऐकत होतो, तो इथल्याच, जर्मनीत जन्मलेल्या गायीत सापडला होता. गोठ्यात वासरांसाठी दिवसभर रेडिओ चालू असायचा, माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. बाई बादली हातात धरून उभ्या होत्या. बातमी संपली, गाणं लागलं, तरी त्या हलल्या नाहीत.

एका आठवड्यात आमच्या मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठातल्या खाणावळीच्या, पाटीवरून गोमांस गेलं. खाटकांची दुकानं ओस पडली. बरोबरचे विद्यार्थी म्हणायचे, "तुझं बरंय, तू खातच नाहीस." आणि मी, जिच्या घरात अंडं आणलं तरी वेगळ्या भांड्यात शिजतं, ती मनातल्या मनात धावा करत होते की लोकांनो, खा. देवासमोर हे बोलायची सोय नव्हती. सगळी माणसं डुकराच्या मांसाकडे वळली आणि त्याचा भाव चढला. म्हणजे गाइडचं ऐकून डुकरांचा वायदा आधीच्या स्वस्त भावात विकला असता तर बाई दोन्हीकडून बुडाल्या असत्या. त्या दिवसांत समाधान मानायचं तर एवढंच होतं.

डिसेंबरचा पहिला आठवडा आला आणि गेला. शेजारी आला नाही.

त्याचं काय झालं होतं ते गावाला दिसत होतं. त्याचे तयार बैल कत्तलखाना घेत नव्हता. नवा गोठा भरलेला, एकही बैल बाहेर जाईना, आत येणाऱ्याला जागा कुठून? तो बाईंच्या घरावरून जायचं टाळायचा. बीटाच्या शेतामागच्या चिखलाच्या वाटेनं त्याचा ट्रॅक्टर जाताना मी माझ्या खिडकीतून बघायची.

मुलाचा ड्युसेलडॉर्फहून फोन आला. कोर्टात जा म्हणाला, दिलेला हातसुद्धा कायद्यानं करारच असतो. मीही तेच म्हटलं. माझं सगळं गणितच त्या करारावर उभं होतं.

"त्याच्या गोठ्यात जागा नाही," बाई म्हणाल्या. "कोर्ट जागा करून देणार आहे?"

"मग लिलावात काढा. पुढच्या महिन्यात लिलाव पुन्हा भरणार आहे म्हणतात. भाव वाईट असेल, पण वासरं तर जातील."

"हात दिलाय, फ्राउ डॉक्टर. त्यानं येऊन सोडवल्याशिवाय माझी वासरं माझी नाहीत."

"तो येत नाहीये."

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. म्हणजे अगदी तेच.

असं ते अडकलं. तो शरमेनं येईना, आणि तो आल्याशिवाय बाईंना दुसरीकडे विकता येईना. जुन्या पद्धतीनं सोळाच वासरं त्या हातात अडकली असती. बाकीची बत्तीस पडेल भावात का होईना, बाहेर पडली असती. माझ्या रेघेनं अठ्ठेचाळीसही अडकवली. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच फिरायचं. बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी रडून मोकळी तरी झाले असते.

फोन कार्डावर बाबांना सगळं सांगितलं.

"अगं, सगळी एकालाच?" बाबा म्हणाले.

"अहो बाबा, डेटा तसंच सांगत होता. अकरा वर्षांचा डेटा होता."

"त्या अकरा वर्षांत असा रोग आला होता का एकदा तरी?"

"नाही."

"वासरांना खायला घालताहेत ना नीट?" एवढंच त्यांनी विचारलं. गुरांच्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच सुचणार.

त्याचं उत्तर मला दोन दिवसांनी मिळालं. दुपारी मी खोलीत लिहीत बसले होते आणि खालून हंबरणं सुरू झालं. एक, मग दोन, मग सगळी. खाणं झाल्यावर फ्रेसर कधी ओरडत नाहीत. मी धावत खाली गेले. बाई दोन ओळींच्या मधल्या वाटेत उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या होत्या आणि गव्हाणी निम्म्याच भरलेल्या होत्या.

"चारा संपला का?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोटभर घातलं तर वाढतात. फार वाढली तर कुणालाच नकोत. म्हणून कमी घालतेय."

एका वासरानं गजांतून तोंड काढून त्यांची बाही चोखायला सुरुवात केली. बाईंनी ती काढून घेतली नाही. "चाळीस वर्षांत या गोठ्यात कुणी उपाशी ओरडलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथं उभं राहवेना. मी वर गेले, दार लावलं, कानांवर उशी घेतली. फळ्यांतून ते ऐकू येतच होतं. पुढं कित्येक दिवस, रोज दुपारी, ते ऐकू येत राहिलं. मी प्रबंध सोडून पुण्याला परत जायचं ठरवलं होतं. एवढंच की बाईंना हे सांगायची हिंमत होईना.

शेजारी आला तो जानेवारीत, एका दुपारी. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हंबरणं चालूच होतं. तो ऐकत होता आणि त्याच्या कानांचा रंग चढत होता.

"माझे थोडे बैल गेले," तो म्हणाला. "जागा झालीय. पण ठरलेला भाव..." त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. इतका मोठा माणूस असा उभा बघून मला त्याचा राग येईना. तो देऊ शकत होता तो आकडा तोंडानं उच्चारणं म्हणजे आपला शब्द गेला असं आपणच जाहीर करणं, आणि तेही ज्या बाईंनी कागद मागितला नव्हता त्यांच्यासमोर.

बाई उठल्या. एप्रनला हात पुसला: तळवा, पालथा, तळवा. "आधी जुनं सोडवू," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, त्या दिवशी अंगणात धरला होता तसाच. "फ्राउ डॉक्टर, तोडा."

मला आधी कळलंच नाही. बाईंनी धरलेल्या हातांकडे नजरेनं खुणावलं, तेव्हा मी पुढं झाले आणि त्या दोघांच्या हातांवर माझ्या हाताची कड मारली. फार जोरात नाही मारली. हात सुटले. शेजाऱ्यानं असा श्वास सोडला की जणू दोन महिने कोंडून ठेवला होता.

मग बाईंनी चुलीच्या दांडीवरचा निळ्या चौकड्यांचा टॉवेल काढला. "हे फ्राउ डॉक्टरांच्या वडिलांच्या बाजारातलं आहे. आपण शेकड्यात बोलायचं. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. तोंडानं काही सांगायचं नाही, आणि नंतरही कुणाला सांगायचं नाही."

टॉवेल दोघांच्या हातांवर पडला. टेबलाशी ते दोघं समोरासमोर, आणि मी सिंककडे पाठ करून उभी. लहानपणी गर्दीत उभी राहायची तशी मी चेहऱ्यांकडे बघत होते. शेजाऱ्यानं काहीतरी दाबलं. बाईंनी डोळे मिटले, मग उघडले, मग त्यांच्या बाजूनं टॉवेल हलला. शेजाऱ्यानं झटकन मान वर केली.

"हे जमणार नाही," तो म्हणाला.

"जमेल."

"बाई, असं नका करू."

टॉवेल पुन्हा हलला. बाईंची बोटं किती जोरात दाबतात ते मला ठाऊक होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. म्हातारी वर ओढतेय, मी मनात म्हटलं, ओढा अजून, सोडू नका. शेजाऱ्यानं दुसऱ्या हातानं आपले डोळे झाकले आणि मान हलवली.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी टॉवेलाची चार घड्यांची घडी केली आणि दांडीवर टाकली.

त्या संध्याकाळी त्यांनी गव्हाणी काठोकाठ भरल्या. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि अठ्ठेचाळीस वासरं गेली. त्यानंतर माझ्या पायाखाली जी शांतता पसरली ती मला हंबरण्यापेक्षा वाईट वाटली. पुढची खेप आली नाही. बाईंनी गोठा घासून काढला, चुना लावला, आणि एवढंच म्हणाल्या की आता नवी वासरं आणण्याइतकं हातात नाही. मी म्हटलं, पडत्या काळात त्यांनी तरी किती वर ओढायचं. उन्हाळ्यात नात आली, रिकाम्या गोठ्यात एक चक्कर मारली, आजीच्या गळ्यात पडली. मग हेर्त्सोगेनआउराखला एका कंपनीच्या खरेदीखात्यात नोकरीला लागली. जाताना आपले बूट बरोबर घेऊन गेली.

मी पुण्याला परत गेले नाही. बाईंनीच जाऊ दिलं नाही. "बैल म्हटलंय, आता बैल व्हावंच लागेल," म्हणाल्या. प्रबंधाच्या तक्त्यात त्या वर्षीच्या खेपेपुढं भावाचा रकाना रिकामा होता. गाइड म्हणाले, विचारून घ्या. मी विचारलं. बाईंनी सवयीनं हात पुसला आणि म्हणाल्या, "टॉवेलाखालचं विचारायचं नसतं. तुमचे वडील म्हणतात." प्रबंध तसाच गेला.

पुढं मला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली. वर्षातून दोनदा मी बाईंना भेटायला जायची. शेवटची भेट वृद्धाश्रमात झाली, नोव्हेंबरात. खिडकीत ताजी फुलं होती. नर्स म्हणाली, त्यांचा तो गावाकडचा शेजारी दर रविवारी आणतो, तासभर बसतो, फारसं बोलत नाही. त्याचा बैलांचा गोठा त्या वर्षातून तगला होता. बाईंच्या गोठ्यात आता कॅराव्हान उभ्या होत्या.

बाई खूप बारीक झाल्या होत्या. बोलताना दम लागत होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "फ्राउ डॉक्टर, तुमचा तो रकाना. अजून रिकामाच?"

"रिकामाच."

"हात कोरडा आहे का?"

मी माझा हात कोटाला पुसला. त्यांनी आपला पुसायला एप्रन शोधला, तो नव्हता, तेव्हा पांघरुणाच्या काठाला पुसला. तळवा, पालथा, तळवा. मग माझा हात पांघरुणाखाली ओढला आणि बोटं धरली. आता त्यांच्या दाबात जोर नव्हता. एकदा धरली, सोडली, आणि मला नीट कळावं म्हणून पुन्हा धरली.

त्या जानेवारीतला लिलावाचा सगळ्यात पडेल भाव मला पाठ होता. बाईंचा आकडा त्याच्याही खाली होता. मला स्वयंपाकघरातला शेजारी आठवला. हे जमणार नाही. असं नका करू. भाव वर ओढला जात नव्हता. त्यानं दिलेला भाव बाई खाली आणत होत्या.

"का?" मी विचारलं. "गोठा गेला त्यात. नातीसाठी ठेवायचा होता ना तो?"

"पडलेला बाजार सगळा त्याच्या अंगणात आपणच नेऊन टाकला होता," बाई म्हणाल्या. तुम्ही टाकला, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मी त्यांच्या पांघरुणावर डोकं ठेवून सहा वर्षांचं सगळं रडून घेतलं.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. फोन शेजाऱ्यानंच केला. तो तक्ता अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. कधी कधी मी तो उघडते आणि त्या रकान्यावर येऊन थांबते. आकडा मला माहीत आहे. मी उजवा हात पुसते, आणि रकाना तसाच ठेवून तक्ता बंद करते.